मेंदूदानाचा अर्ज आमच्यापर्यंत येऊ द्या

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, तसेच मेंदूविकार, विकृतिशास्त्र व शरीररचनाशास्त्र विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी साताऱ्यात ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. माझे यजमान महसूल खात्यात तलाठी होते. ११ वर्षे पार्किन्सनचे, आपल्याकडच्या शब्दात कंपवाताचे, दुखणे काढून ते दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेले. आपला मेंदू या आजाराच्या संशोधनासाठी द्यावा अशी त्यांची इच्छा होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने, वाचायला भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरात, लिहून ठेवली होती आणि आम्हाला ती पुरी करता आली नाही. हे पत्र त्याबद्दल आहे. कोणा एका रुग्णालयाला किंवा कर्मचाऱ्याला दोष द्यायचा नाही, म्हणून कोणाचेही नाव घेत नाही. त्या रात्री फोनवर जे बोलले ते सगळे सौजन्यानेच बोलले. अडचण एवढीच की या कामासाठीचा कागद त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हता.

अक्षराचा उल्लेख केलाच आहे, तर आजारही तिथूनच सुरू झाला हे सांगते. सातबारा हाताने लिहिला जाई त्या काळात यजमानांच्या अक्षराला तालुक्यात मान होता. निवृत्तीनंतर त्या अक्षराला काम उरले ते भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब लिहिण्याचे. निदान होण्याच्या आदल्या वर्षीचे ते कॅलेंडर मी जपून ठेवले आहे. जानेवारीत ‘दीड लिटर, पैसे दिले’ हे शब्द चौकोन भरून आहेत. दिवाळीच्या सुमाराला त्याच चौकोनात ओळ सुरू होते ती ज्वारीच्या दाण्याएवढ्या अक्षराने आणि संपते खसखशीएवढ्या. हात तेव्हा थरथरत नव्हता. त्याच वर्षी एकदा शेगडीवर दूध लागल्याचा वास शेजारच्या घरात गेला, पण स्वयंपाकघरातच बसलेल्या यजमानांना आला नाही, तेव्हा आम्ही सर्दीवर खापर फोडले. वास न येणे हे या आजारात थरथरीच्या कित्येक वर्षे आधी येणारे लक्षण असू शकते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

निदान झाले त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो, त्याचे लॅटिन नावच ‘काळा पदार्थ’ अशा अर्थाचे, सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या चेतापेशी डोपामिन हे निरोप पोचवणारे रसायन तयार करून मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागाला पुरवतात, आणि त्या मरत गेल्या की हालचाल सुरू करणेच अवघड होऊन बसते. यजमानांनी तलाठ्याला शोभेल असाच प्रश्न विचारला, “डॉक्टर, एकूण क्षेत्र किती आणि त्यातले पडीक किती?” डॉक्टर हसले नाहीत. सबंध मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, त्यांतल्या मध्यमेंदूतील डोपामिनच्या पेशी जेमतेम ४ ते ६ लाख. आणि थरथर दिसू लागते तोवर काळ्या पट्ट्यातल्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात, असे त्यांनी सांगितले. “मग माझी मोजणी कधी?” यावर त्यांना खरे बोलावे लागले. जिवंत माणसात स्कॅनवरून अंदाज बांधता येतो, पेशी प्रत्यक्ष मोजता येतात त्या मृत्यूनंतरच. “ठीक आहे, तेव्हा करा,” असे म्हणून यजमान उठले, म्हणजे उठू लागले, आणि मी हात दिला. मेंदूदानाची इच्छा त्या दिवसाची.

पुढच्या वर्षांत या विषयाचे मिळेल ते मी वाचत गेले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली: या आजाराबद्दल जे काही भरवशाचे ज्ञान आहे, ते मिळवताना कोणी ना कोणी गेलेल्या माणसाचा मेंदू हातात घेतलेला आहे. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली आजाराचे वर्णन केले, पण तो मेंदूत नेमका कुठे आहे ते त्यांना सांगता आले नाही. १९१९ साली पॅरिसमध्ये कॉन्स्टंटिन ट्रेतियाकॉफ यांनी रुग्णांचे मेंदू तपासून काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवले. त्या पट्ट्याचा आणि डोपामिनचा संबंध मात्र तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.

तो जुळण्यात आपल्या सर्पगंधेचा वाटा आहे. उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी अभ्यासला आणि १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर पाश्चात्त्य प्रयोगशाळांचे या मुळीकडे लक्ष गेले आणि तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे झाले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी हे रेसर्पिन सशांना दिले, तेव्हा ससे कान पाडून जागच्या जागी थिजले. मेंदूत गेल्यावर ज्याचे डोपामिन बनते ते लेव्होडोपा टोचल्यावर ते पुन्हा हिंडूफिरू लागले. कार्लसन यांना पुढे २००० साली नोबेल मिळाले. परंतु सशावरून माणसाचे सिद्ध होत नाही.

ते सिद्ध केले व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी, आणि रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला त्यांचा प्रयोग विसरणे शक्य नाही. शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूंच्या तुकड्यांचा अर्क काढायचा आणि डोपामिन असेल तर गुलाबी रंग येईल अशी अभिक्रिया करायची. निरोगी माणसांच्या स्ट्रायटमच्या अर्काला गुलाबी रंग आला. पार्किन्सनच्या रुग्णांच्या अर्काला जेमतेम झाक. उपकरणावर मोजण्याआधीच फरक नुसत्या डोळ्यांना दिसला होता. हर्बर्ट एहरिंगर यांच्यासह त्यांनी हा निष्कर्ष १९६० साली प्रसिद्ध केला, आणि पुढच्या वर्षी वॉल्टर बिर्कमायर यांच्या साथीने लेव्होडोपा रुग्णांना टोचून पाहिले. त्या १९६०च्या लेखात पार्किन्सनचे मेंदू किती होते? सहा. सहा घरांतली माणसे गेली, त्यांचे मेंदू कोणीतरी नीट काढून ठेवले, आणि त्यांच्या न आलेल्या रंगातून ती गोळी निघाली जी आमच्या घरात ११ वर्षे दिवसातून पाच वेळा, जेवणाआधी अर्धा तास, वरणातली प्रथिने तिच्या आड येऊ नयेत म्हणून घड्याळ लावून, दिली जात होती. मी ३१ वर्षे मुलांना परीक्षानळीतला रंग बघायला शिकवले. रंग न येण्याचा असा प्रयोग मला निवृत्तीनंतर भेटला.

आपण म्हणाल, तो काळ गेला, आता उंदीर आहेत आणि पेट्री डिशमध्ये वाढवलेल्या पेशी आहेत. आहेतच, आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात चोरून बनवलेले कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेले तरुण अचानक लाकडासारखे ताठरले, आणि विल्यम लँग्स्टन व सहकाऱ्यांनी त्यातले एमपीटीपी हे विष शोधून काढले, तेव्हापासून प्राण्यांत हा आजार उभा करता येतो. डोपामिनच्या पेशी हे विष, शरीरात बदललेल्या रूपात, आपणच आत ओढून घेतात आणि मग पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या आतल्या मायटोकॉन्ड्रियाचे काम बंद पडते, हे त्यातूनच उमगले. पण प्रयोगातले मोठ्या जातीचे उंदीर (इंग्रजीत ‘रॅट’) हे विष बऱ्यापैकी पचवतात. शिवाय ज्या न्यूरोमेलॅनिन या रंगद्रव्यामुळे त्या पट्ट्याला ‘काळा’ म्हणतात, ते उंदरांच्या मेंदूत साध्या डोळ्यांना दिसेल इतके नसतेच. पट्टा आहे, पण काळा नाही! माणसात ते वयाबरोबर साठत जाते, आणि ज्या पेशींत ते असते त्याच पेशी या आजारात मोठ्या संख्येने मरतात. माणसाच्या अशा एकेका पेशीला १० लाखांहून अधिक जोडण्या सांभाळाव्या लागतात असा अंदाज आहे. उंदराच्या पेशीचा संसार त्या मानाने कितीतरी लहान. या पेशी विश्रांती न घेता ठेका धरल्यासारख्या विद्युत-स्पंदने देत राहतात, त्यासाठी कॅल्शियम आत घेतात आणि त्यातच झिजतात, असे उंदरांवरील कामातून पुढे आले. म्हणून कॅल्शियमची वाट रोखणारे इस्राडिपिन हे रक्तदाबाचे औषध ३३६ रुग्णांना तीन वर्षांच्या चाचणीत देऊन पाहिले. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की आजाराची गती मंदावली नाही.

पेट्री डिशमधल्या पेशींचेही असेच एक कोडे आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ आणि २००७ साली दाखवलेल्या पद्धतीने त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशीला पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेता येते आणि तिच्यापासून डोपामिनच्या चेतापेशी वाढवता येतात. क्योतोमध्ये अशा पेशी सात रुग्णांच्या मेंदूत बसवल्याचे निष्कर्ष एप्रिल २०२५मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते आशा वाटावी असे आहेत. मात्र या वाटेने मागे जाताना पेशी आपले वयच विसरते. सत्तरीतल्या माणसाची त्वचा घेतली तरी तयार होते ती गर्भाच्या वयाची चेतापेशी. म्हातारपणीच्या आजाराचा अभ्यास तिच्यावर करायचा, तर ती खऱ्या वृद्ध पेशीच्या कितपत जवळ गेली ते पडताळायला खरी वृद्ध पेशी लागतेच. (जाता जाता: एका खाजगी दवाखान्याने ‘स्टेम सेल’च्या नावाखाली आमच्याकडे काही लाख रुपये मागितले होते. रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज मूलपेशींचे उपचार मंजूर चाचणीबाहेर देऊ नयेत असे २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, हे माहीत असल्याने आम्ही वाचलो.)

पडताळा मेंदूशिवाय होत नाही याची दोनच उदाहरणे देते. गर्भाच्या चेतापेशी ज्यांच्या मेंदूत दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवल्या होत्या अशा काही रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा त्या परक्या, तरुण पेशींतही याच आजाराची खूण असलेले लेवी पिंड, म्हणजे साचलेल्या प्रथिनांचे गोळे, दिसले. हे २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि आजार एका पेशीतून दुसरीत जात असावा या शंकेला मोठे बळ मिळाले. दुसरे उदाहरण अलीकडचे. २०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी दान केलेल्या मेंदूंतल्या डोपामिन पेशींची केंद्रके एकेक करून तपासली आणि त्या पेशींचे दहा प्रकार वेगळे केले. दहाही प्रकार सारखे मरत नाहीत. त्यांतल्या एकाची सर्वांत जास्त वाताहत होते. तोच का, या प्रश्नावर आता जगभर काम चालू आहे. यजमानांच्या भाषेत सांगायचे, तर नुसते क्षेत्र मोजून भागत नाही, कोणत्या गटातले पीक गेले तेही बघावे लागते.

आता आपल्या घरची गोष्ट. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींतल्या १४,०१० लोकांची घरोघर पाहणी करून १९८८ साली प्रसिद्ध केले की त्यांत पार्किन्सनचे ४६ रुग्ण, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८, आढळले. भारतात इतरत्र झालेल्या पाहण्यांत हे प्रमाण पुष्कळच कमी दिसले आहे. याचे कारण काय? बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार व मेंदूविकारांच्या राष्ट्रीय संस्थेतील डॉ. उदय मुथाने, डॉ. एस. के. शंकर आणि सहकारी यांनी निरोगी भारतीय मेंदूंतल्या काळ्या पट्ट्याच्या पेशी मोजल्या. १९९८च्या त्यांच्या लेखानुसार आपल्याकडे या पेशी ब्रिटनमधील मेंदूंपेक्षा सुमारे ४० टक्के कमी होत्या, आणि तरीही वयाबरोबर त्यांत लक्षणीय घट नव्हती. भांडवल थोडे, पण गळती नाही! मला तर हा या विषयातला सर्वांत विलक्षण प्रश्न वाटतो आणि तो दुसऱ्या कोणाच्या मेंदूवरून सुटणार नाही. जनुकांचेही तेच. उत्तर आफ्रिकेतल्या अरबांत आणि अश्केनाझी ज्यूंत या आजाराचे मोठे कारण ठरलेला एलआरआरके२ जनुकातला जी२०१९एस हा बदल भारतीय रुग्णांत अगदी दुर्मीळ आहे. मग आपल्या माणसांच्या पेशी कशाने मरतात, हे शोधायला आपल्याच माणसांच्या पेशी हव्यात.

निम्हान्समध्ये १९९५पासून मानवी मेंदूच्या ऊतींचे भांडार आहे, आणि वर सांगितलेले प्रश्न पुढे नेणारे कामही तिथे झाले आहे. आमचे सातारा पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. त्या संस्थेकडे जाणारा रस्ता आमच्या गॅलरीतून दिसतो. तरी यजमान रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी गेले तेव्हा त्या रस्त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता. मेंदू लवकरात लवकर, शक्यतो एका दिवसाच्या आत, काढून त्याचा एक अर्धगोल फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा कापांच्या रूपात उणे ८० अंशांवर ठेवावा लागतो, एवढे मी वाचले होते. तो कोणी काढायचा हे मात्र मी आधी विचारून ठेवले नव्हते. ती चूक माझी आहे आणि मी ती मान्य करते.

धाकट्या मुलीने पहाटेपर्यंत चार फोन केले. पहिल्या ठिकाणी रात्रपाळीच्या माणसाने “नेत्रदान म्हणायचंय का ताई?” असे विचारले आणि नेत्रपेढीचा क्रमांक दिला, त्यामुळे डोळे वेळेत दिले गेले हे कबूल केले पाहिजे. दुसरीकडे निवासी डॉक्टरांनी सांगितले की मेंदू काढणे म्हणजे शवविच्छेदन, आणि नैसर्गिक मृत्यूत ते कोणाच्या सहीने करायचे याची त्यांना सूचना नाही. तिसरीकडे कळले की शवविच्छेदन झालेला देह देहदानासाठी स्वीकारत नाहीत, तेव्हा दोहोंपैकी एक काय ते ठरवा. चौथ्या ठिकाणी ज्यांनी फोन उचलला त्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाई, असं आजवर कोणी विचारलंच नाही.” सकाळी साडेनऊला कार्यालय उघडल्यावर आम्ही देहदान केले. यजमानांचा मेंदू आता पहिल्या वर्षाच्या मुलांना मेंदू कसा असतो ते शिकवत असेल. शिक्षिका म्हणून मला त्याचेही समाधान आहे. त्यांची मोजणी मात्र राहिली.

आणि मेंदूबरोबर द्यायचे होते तेही माझ्या कपाटात पडून आहे. ११ वर्षांच्या ११ वह्या: गोळी किती वाजता दिली, किती मिनिटांनी अंग ‘चालू’ झाले, कधी ‘बंद’ पडले, कोणत्या उंबरठ्यावर पाय चिकटले, आणि जमिनीवर खडूने आडव्या रेघा ओढल्यावर त्याच उंबरठ्यावरून ते कसे सरळ निघून गेले. अशा वहीला मेंदूची जोड मिळाली असती, तर कुठल्या पेशी जाण्याने काय झाले हे कोणीतरी ताडून पाहू शकले असते. नुसती वही रद्दीच्या भावाची.

म्हणून माझी विनंती अशी आहे. पार्किन्सनचा रुग्ण वर्षानुवर्षे आपल्या बाह्यरुग्ण विभागात येत असतो. आम्ही ११ वर्षे दर तीन महिन्यांनी आलो. त्या सगळ्या भेटींत, योग्य वेळ पाहून, मेंदूदानाबद्दल एकदा तरी आम्हाला विचारले जावे. विचारणे अशुभ वाटेल असा संकोच आपल्याला होत असेल, तर तो सोडावा. ज्या घरात पाच वेळा घड्याळ लावून गोळी दिली जाते तिथे मृत्यूचा विषय नवा नसतो. मेंदूदानाचा अर्ज देहदानाच्या अर्जाला जोडून मराठीत असावा, आणि मेंदू दिल्यावर देह शिकवण्यासाठी चालेल की नाही, चालत नसेल तर अंत्यसंस्कारासाठी तो किती तासांत परत मिळेल, हे त्यावर स्पष्ट छापलेले असावे. छेद डोक्यावर केसांत घेतला जातो आणि चेहरा जसाच्या तसा राहतो, हेही तिथेच सांगावे, कारण पहिला प्रश्न मुली-सुनांच्या मनात तोच येतो. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःचे भांडार उभारावे असे मी म्हणत नाही. तो खर्च आणि ते शीतगृह अखंड चालू ठेवण्याची जबाबदारी मला कळते. परंतु मेंदू रीतसर काढून, बर्फात बांधून, जिथे भांडार आहे तिथे पोचवण्याची साखळी राज्यात दोन-तीन ठिकाणांहून तरी चालावी, आणि रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनीही तिचा फोन उचलला जावा.

लोक देणार नाहीत, असे कृपा करून गृहीत धरू नये. याच महाराष्ट्रात डोळे देतात, देह देतात आणि त्यासाठी पुढच्या विधींत बदल करायलाही घरे तयार होतात. त्यांच्याकडे कोणी मागितले होते, एवढाच फरक.

एक गोष्ट राहिली. व्हिएन्नाच्या त्या प्रयोगात रुग्णांच्या सहा मेंदूंशी तुलना करायला निरोगी मेंदू त्याहून अधिक संख्येने लागले होते, आणि असे मेंदू मिळवणे हे आजही अवघड काम आहे. मी ७२ वर्षांची आहे, हात स्थिर आहे, फोडणीचा वास येतो, अक्षर अजून मुलांना फळ्यावर वाचता येईल एवढे आहे. तुलनेसाठी माझा मेंदू चालत असेल तर अर्ज पाठवावा. दोन्ही मुलींनी साक्षीदार म्हणून सही करायचे कबूल केले आहे. त्यांनी फोन कोणाला करायचा तो क्रमांक तेवढा अर्जावर ठळक असू द्यावा, म्हणजे यजमानांच्या गोळ्यांचे वेळापत्रक फ्रिजवर जिथे चिकटवलेले होते त्या जागी मला तो लावता येईल.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
सातारा